स्मित आणि स्मय

‘तो माझ्याकडे पाहून हसला’ आणि ‘तो मला हसला’ हीं दोन वाक्यें मराठी जाणणाऱ्या कोणालाहि समजावून सांगावीं लागत नाहींत. पहिल्यांत ओळख आहे, दुसऱ्यांत अपमान आहे. कर्ता तोच, क्रियापद तेंच. ओंठांची हालचालहि कदाचित् तीच असेल. तरी या एवढ्याशा ‘ला’मुळें भाऊबंदांत वर्षानुवर्षें अबोला पडल्याचीं उदाहरणें हव्या त्या गांवांत सांपडतील. माणसांना जोडणारी आणि तोडणारी, अशा दोन अगदीं उलट क्रियांना आपल्या भाषेनें एकच क्रियापद कां द्यावें, हा प्रश्न मनांत घेऊन मी कोशांकडे वळलों. तेथें जें सांपडलें तें केवळ शब्दांपुरतें राहिलें नाहीं. तें माझ्या स्वतःच्या वर्तनापर्यंत येऊन भिडलें. म्हणून तें वाचकांपुढें मांडीत आहें.

प्रथम एक गोष्ट ध्यानांत येते. आवाज न करतां हसण्याला मराठींत स्वतंत्र असें घरगुती क्रियापद नाहीं. खदखदां हसणें, फिदीफिदी हसणें, खुदकन् हसणें, दांत काढणें, दांत विचकणें अशी मोठ्या हसण्यासाठीं शब्दांची रेलचेल आहे. पण मंद हसण्यासाठीं ‘गालांतल्या गालांत हसणें’ अशा आडवळणानें जावें लागतें. ‘स्मित’ हा शब्द आहे खरा, परंतु तो पुस्तकांतला. आई आपल्या तान्ह्या मुलाला ‘स्मित कर’ असें कधीं म्हणत नाहीं. ‘हस पाहूं’ असेंच म्हणते. ही उणीव एकट्या मराठीची नव्हे. फ्रेंच भाषेंतील ‘सूरीर’ हा शब्द लॅटिनमधून आला असून त्याचा मूळ अर्थ खालच्या पट्टींतलें हसणें एवढाच आहे. जर्मन लोकांचा ‘लेखेल्न’ हा शब्दहि हसण्याच्या ‘लाखेन’ या शब्दाचें लघुरूप आहे. या सर्व भाषांच्या मतें स्मित म्हणजे लहानसें हास्य. नदी आणि ओहोळ यांत जेवढा भेद, तेवढाच या दोहोंत.

आपल्या शास्त्रकारांचेंहि मत वरवर पाहतां असेंच दिसतें. पाणिनीय धातुपाठांत ‘स्मि’ धातूचा अर्थ ‘ईषद्धसन’, म्हणजे किंचित् हसणें, असा दिला आहे. भरतानें नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायांत हास्याचे सहा प्रकार सांगितले आहेत: स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित आणि अतिहसित. त्यांपैकीं पहिले दोन उत्तम प्रकृतीच्या पात्रांना, मधले दोन मध्यमांना व शेवटचे दोन अधमांना नेमून दिले आहेत. स्मितांत गाल किंचित् फुलावे, दृष्टि शोभिवंत असावी आणि दांत दिसूं नयेत, असें त्याचें लक्षण आहे. ‘हसतील त्यांचे दांत दिसतील’ ही आपली म्हण ज्यांनीं प्रथम उच्चारली त्यांनीं भरत वाचला नसावा. पण दांत दिसले कीं माणूस एक पायरी खालीं उतरला, हा न्याय दोघांनाहि मान्य दिसतो. सारांश, हसणें जितकें थोडें तितकें तें सभ्य, आणि सर्वांत थोडें तें स्मित; म्हणून तें सर्वांत श्रेष्ठ. बहुतेक सुशिक्षित माणसें आजहि याच मापानें आपलें हसणें मोजतात, आणि मीहि तसेंच मोजीत आलों.

परंतु हें माप खरें आहे काय? शब्दाचें कूळ पाहिलें तर संशय येऊं लागतो. ‘स्मि’ धातूचें सर्वांत परिचित अपत्य ‘स्मित’ नव्हे, तर ‘विस्मय’ आहे. विस्मय म्हणजे आश्चर्य. त्यांत हसण्याचा लवलेशहि नाहीं. ऋग्वेदांत उजाडतांना उषा स्मित करते, आणि आकाशांतील विजाहि पृथ्वीकडे पाहून स्मित करतात. तेथें थट्टा नाहीं, विनोद नाहीं. अंधारांतून एकाएकीं कांहीं उजळून प्रगट होणें आहे. याच मूळ धातूशीं युरोपांतील भाषाशास्त्रज्ञ इंग्रजी ‘स्माइल’ या शब्दाचें नातें जोडतात, आणि आश्चर्यवाचक लॅटिन ‘मीरुस’ या शब्दाचेंहि. चमत्कार या अर्थाचा ‘मिरॅकल’ व वाखाणणें या अर्थाचा ‘अ‍ॅडमायर’ हे इंग्रजी शब्द या ‘मीरुस’च्याच वंशांतले आहेत. भरताच्या ग्रंथांत तर हे दोघे भाऊ दोन वेगळ्या घरीं नांदतात: हास हा हास्यरसाचा स्थायीभाव, आणि विस्मय हा अद्भुतरसाचा. स्मिताला त्यानें हास्याच्या घरांत ठेवलें. पण त्याचा सख्खा भाऊ अद्भुताच्या घरांत आहे, ही गोष्ट विसरतां येत नाहीं.

आपल्याकडे हास्याची मीमांसा कमी झाली आहे असें नाहीं. न. चिं. केळकर यांचा ‘सुभाषित आणि विनोद’ हा ग्रंथ १९०८ सालीं प्रसिद्ध झाला, आणि तेव्हांपासून मराठींत विनोदाच्या स्वरूपावर पुष्कळ लिहिलें गेलें आहे. परंतु त्या चर्चेचा भर माणूस कशाला हसतो यावर असतो, आणि उत्तर बहुधा कोणत्या तरी विसंगतीपाशीं जाऊन थांबतें. स्मिताला मात्र विसंगति लागत नाहीं. डार्विननें आपल्या एका मुलाच्या बालपणाचीं टिपणें १८७७ सालीं प्रसिद्ध केलीं. त्यांत हें मूल ४५ दिवसांचें असतांना, व दुसरें एक ४६ दिवसांचें असतांना, प्रथम खरेंखुरें हसल्याची नोंद आहे. आणि हें हसूं मुख्यतः आईकडे पाहतांना उमटे, असेंहि त्यानें लिहून ठेवलें आहे. दीड महिन्याच्या मुलाला विनोद कोठून कळणार? आईच्या चेहऱ्यांत विसंगत असें काय असणार? मुलाच्या त्या हसण्यांत एवढेंच आहे कीं समोर कोणीतरी आहे, आणि तें असणें हीच एक नवलाची गोष्ट आहे. हें स्मित म्हणजे हास्याची खालची पायरी नव्हे. तो विस्मयाचा ओंठांवर आलेला अंश आहे. दुसऱ्याच्या अस्तित्वाची आनंदानें दिलेली पोंच, असें मी त्याला म्हणेन.

येथवर शब्दाचें कूळ मोठें सोज्ज्वळ दिसतें. परंतु प्रत्येक मोठ्या घराण्यांत एखादा कुलदीपक असा निघतो कीं त्याचें नांव घेतांना घरचीं माणसें आवाज खालीं आणतात. या घराण्यांतील तसा शब्द म्हणजे ‘स्मय’. तो याच धातूपासून झाला. त्याचा एक अर्थ आश्चर्य असाहि आहे. पण अमरकोशांत तो दर्प आणि मद यांच्या पंक्तीला बसलेला आढळतो. भर्तृहरीनें विद्वानांना मत्सराचा आणि सत्ताधीशांना स्मयाचा दोष लाविला आहे, तेथें या शब्दाचा गर्व हाच अर्थ आहे. ज्या धातूंतून विस्मय निघाला त्यांतूनच गर्व कसा निघावा? मला सुचणारें उत्तर असें. विस्मयाची दृष्टि दुसऱ्याकडे असते. तीच दृष्टि फिरून स्वतःवर स्थिरावली, दुसऱ्याच्या ठिकाणीं वाटायचें तें नवल स्वतःविषयींच वाटूं लागलें, कीं विस्मयाचा स्मय होतो. ओंठ तेच राहतात, डोळ्यांची दिशा बदलते.

ही अवनति केवळ संस्कृतांत झाली असें मानण्याचें कारण नाहीं. प्राचीन इंग्रजींत मंद हसण्यासाठीं जो शब्द होता त्याचाच वंशज आजचा ‘स्मर्क’ हा शब्द होय, आणि आज त्याचा अर्थ स्वतःवर खूष असलेल्या माणसाचें कुत्सित हसणें एवढाच उरला आहे. एकमेकांपासून हजारों कोस दूर असलेल्या दोन समाजांत एकाच कुळांतल्या शब्दांना तोच रोग जडावा, यावरून तो रोग शब्दांचा नसून माणसांचा आहे, असें वाटूं लागतें.

या रोगाचें मोठें चित्र महाभारताच्या सभापर्वांत आहे. मयसभेंत दुर्योधन स्फटिकाच्या भूमीला पाणी समजतो आणि पाण्याला भूमि समजून त्यांत पडतो. त्याला पाहून सेवक हसतात, भीम हसतो, अर्जुन आणि नकुल-सहदेवहि हसतात. पुढें बापाजवळ गाऱ्हाणें सांगतांना दुर्योधन म्हणतो कीं कृष्ण व अर्जुन मोठ्यानें हसले आणि द्रौपदीहि स्त्रियांसह हसली. आंधळ्याचा पुत्र आंधळाच, असें द्रौपदी म्हणाल्याची कथा लोकांत रूढ आहे. परंतु पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें १९१९ ते १९६६ या काळांत सिद्ध केलेल्या चिकित्सक आवृत्तींत तें वाक्य नाहीं. एवढ्या मोठ्या वैराला नुसतें हसणें पुरेसें कारण वाटेना, म्हणून लोकमानसानें त्याला शब्दांची जोड दिली असावी. व्यासांना ती जोड लागली नाहीं. त्या प्रसंगाकडे शब्दांच्या दृष्टीनें पाहिलें तर एक गोष्ट फार बोलकी वाटते. दुर्योधन त्या सभेंत कांहीं काळ तरी विस्मयानें वावरत होता. स्फटिक आणि पाणी यांतला भेद त्याला कळेना, तो त्या अद्भुतामुळेंच. त्याच्या विस्मयाला पांडवांकडून उत्तर मिळालें तें स्मयाचें. सभा आमची आहे आणि तिचें मर्म आम्हांला ठाऊक आहे, एवढेंच तें हसणें म्हणत होतें.

वाचक म्हणतील कीं तें मोठ्यानें हसणें होतें, दांत दिसले होते. भरताच्या मापानेंहि तें उत्तम नव्हे. म्हणून मला आतां माझें स्वतःचें उदाहरण द्यावें लागतें, कारण त्यांत दांत दिसले नव्हते. कांहीं वर्षें मी शाळेंत मराठी शिकवीत असे. वर्गांत आडगांवाहून येणारा एक मुलगा होता. एकदां त्याला धडा वाचावयास उभें केलें, तेव्हां त्यानें ‘पाणी’ या शब्दाचा उच्चार ‘पानी’ असा केला, आणि पुढें ‘कोणी’चा ‘कोनी’. मीं त्याला रागावलों नाहीं, दुरुस्तहि केलें नाहीं. वर्गाला हसूं दिलें नाहीं. मीं फक्त किंचित् स्मित केलें. आपण किती सौम्य आहों, असेंच मला त्या वेळीं वाटलें. मुलानेंहि माझ्याकडे पाहून थोडेंसें हसल्यासारखें केलें आणि तो खालीं बसला. त्याच्या हसण्यानें माझें समाधान झालें. पुढें वर्षभर तो वाचावयास उभा राहिला नाहीं. विचारलें तर ‘सर, घसा बसलाय’ म्हणे. मीं त्याचा संबंध त्या दिवसाशीं जोडला नाहीं.

तो संबंध जोडला गेला तो पुष्कळ वर्षांनीं, आणि तोहि माझ्यावर पाळी आली तेव्हां. एका विद्वज्जनांच्या बैठकींत बोलतांना माझ्याकडून एका इंग्रजी शब्दाचा उच्चार चुकला. समोर बसलेल्या एका व्युत्पन्न गृहस्थांनीं अगदीं भरताच्या लक्षणाबरहुकूम स्मित केलें. आणि काय आश्चर्य! माझेहि ओंठ आपोआप हलले. मीहि त्यांच्याकडे पाहून हसलों. मला हसूं येत नव्हतें. पोटांत कालवाकालव होत होती. तरी मी हसलों. त्या क्षणीं तो मुलगा मला आठवला. ‘ण’च्या जागीं ‘न’ म्हणणें हें मराठीच्या अनेक बोलींचें रीतसर लक्षण आहे, हें मी व्याकरणाच्या तासाला शिकवीत असें; आणि त्याच वर्गांत एका मुलाला त्याच्या आईच्या भाषेबद्दल, एक शब्दहि न बोलतां, लाज वाटावयास लाविली होती.

तेव्हां स्मय हा जसा स्मिताचा एक विपर्यास, तसा आणखी एक आहे. आणि तो पहिल्यापासूनच जन्मतो. बलवानाच्या ओंठांवर स्मय आला कीं दुर्बळाच्या ओंठांवर भय स्मिताचें रूप घेऊन येतें. पाणिनीच्या अष्टाध्यायींत पहिल्या अध्यायाच्या तिसऱ्या पादांतील ६८ व्या सूत्रांत ‘भी’ आणि ‘स्मि’, म्हणजे भिणें आणि विस्मय पावणें, हे दोन धातु एकत्र आले आहेत. भय किंवा विस्मय प्रयोजकापासूनच, म्हणजे समोरच्या माणसापासूनच, उत्पन्न होत असेल तर या धातूंचें प्रयोजक रूप आत्मनेपदी होतें. त्याच्या हातांतल्या एखाद्या साधनापासून होत असेल तर होत नाहीं. जटाधारी माणसाला पाहून जें भय किंवा आश्चर्य वाटतें तें पहिल्या प्रकारचें, असें काशिकेंत उदाहरण आहे. पाणिनीनें हे धातु व्याकरणाच्या सोयीसाठीं एकत्र आणले, नीतीच्या विचारानें नव्हे, हें मला मान्य आहे. पण त्यानें केलेला भेद माझ्या कामाला आला. माझ्या हातांत त्या दिवशीं छडी नव्हती, म्हणून मुलाला भय वाटलें नसेल असें मीं धरून चाललों होतों. त्याचें भय छडीचें नव्हतें. तें माझें होतें.

प्राणिशास्त्रहि याच दिशेला बोट दाखवितें. डच प्राणिशास्त्रज्ञ व्हान होफ यांनीं १९७२ सालीं असें मत मांडलें कीं माणसाचें हास्य आणि माणसाचें स्मित यांचा उगम एक नाहीं. हास्याचें मूळ वानरांच्या खेळांतील उघड्या तोंडाच्या मुद्रेंत. स्मिताचें मूळ त्यांच्या आवाज न करतां दांत दाखविण्याच्या मुद्रेंत. ही दुसरी मुद्रा माकडांच्या कित्येक जातींत दुबळें माकड बलवानापुढें करतें. ‘मी तुझ्या वाटेंत नाहीं’ असा तिचा अर्थ. जी मुद्रा भयाची होती तीच कांहीं जातींत पुढें स्नेहाचीहि झाली. स्मित हें लहान हास्य नव्हे, हें शब्दाचें कूळ जें सांगतें त्याला येथें निराळ्या बाजूनें पुष्टि मिळते. पण त्याबरोबर एक सावधगिरीची सूचनाहि मिळते. साहेबापुढें उभा असलेला कारकून, सासरीं नव्यानें आलेली सून, गिऱ्हाइकाचे बोल ऐकून घेणारा दुकानांतला मुलगा, यांच्या ओंठांवरचें हसूं आपण संतोषाचें चिन्ह मानतों. तें पुष्कळदां ‘मी तुमच्या वाटेंत नाहीं’ एवढेंच सांगत असतें.

यावर असा आक्षेप येईल कीं मग सौजन्याचें हसणेंहि खोटेंच म्हणावयाचें काय? फ्रेंच वैद्य द्यूशेन यानें १८६२ सालीं दाखवून दिलें कीं ओंठांचे कोपरे वर नेणारा स्नायु आपल्या इच्छेच्या ताब्यांत असतो, पण डोळ्यांभोंवतींचा स्नायु खऱ्या आनंदावांचून सहसा हलत नाहीं. या कसोटीनें शिष्टाचाराचीं बहुतेक स्मितें नापास होतील. परंतु मला तसें म्हणावयाचें नाहीं. नमस्कार करतांना प्रत्येक वेळीं अंतःकरण भरून येतें असें नाहीं, तरी नमस्कार खोटा ठरत नाहीं. तो एक शब्द न उच्चारलेला करार असतो. सौजन्याचें स्मितहि तसेंच. तें स्वेच्छेनें दिलें तर त्यांत असत्य कांहीं नाहीं. असत्य शिरतें तें स्मित मागून घेतलें जातें तेव्हां. आजकाल नोकरीच्या जाहिरातींत ‘हसतमुख’ हें विशेषण अटींच्या यादींत बसलेलें दिसतें, आणि मुलीच्या जातीनें नेहमीं हसतमुख असावें हा उपदेश तर त्याहूनहि जुना. कामांत चोखपणा मागतां येतो, वागण्यांत सभ्यपणा मागतां येतो. पण विस्मय आज्ञेनें उत्पन्न होत नाहीं, आणि जें आज्ञेनें उत्पन्न होतें तें भय. जो स्मित वसूल करतो त्याला भयच मिळतें. तें आनंदासारखें दिसतें, आणि तेवढ्यानें त्याची फसवणूक होते.

मग बलवानानें दुर्बळाकडे पाहून हसूंच नये काय? तसेंहि नाहीं. गीतेच्या दुसऱ्या अध्यायांत, दोन सैन्यांच्या मधोमध शोक करीत बसलेल्या अर्जुनाशीं श्रीकृष्ण बोलूं लागतो तो हसल्यासारखें करून, असें संजय दहाव्या श्लोकांत सांगतो. मित्र धनुष्य टाकून बसला असतां हें हसूं कसलें? तें स्मय होतें कीं स्मित, हें त्या श्लोकावरून ठरत नाहीं. पुढें काय झालें त्यावरून ठरतें. पुढें अर्जुन प्रश्न विचारतो. एकामागून एक, कधीं चिडून, कधीं ‘तूं मला घोटाळ्यांत पाडतोस’ असें स्पष्ट म्हणून, तो अठराव्या अध्यायापर्यंत विचारीत राहतो. पाली ग्रंथांतहि असा प्रसंग वारंवार येतो: एखाद्या ठिकाणीं बुद्ध स्मित करतात, आणि जवळ असलेला आनंद लगेच त्याचें कारण विचारतो. शिष्याला गुरूच्या स्मिताचें कारण विचारण्याची मोकळीक आहे, आणि गुरु तें सांगतो.

मला वाटतें, स्मिताची खरी परीक्षा दांत दिसले कीं नाहीं यांत नाहीं, आणि हसणाऱ्याच्या मनांत काय होतें यांतहि नाहीं. माझ्या मनांत त्या दिवशीं वाईट कांहींच नव्हतें. परीक्षा समोरच्या माणसाच्या पुढच्या वाक्यांत आहे. आपण हसल्यानंतर तो अधिक मोकळेपणानें बोलूं लागला, ‘कां हसलांत?’ असें विचारूं शकला, तर तें स्मित. तो गप्प झाला, किंवा आपल्याबरोबर नुसता हसला आणि खालीं बसला, तर तो स्मय, मग तो कितीहि मंद असो. अर्जुनानें प्रश्न विचारले. माझ्या विद्यार्थ्यानें धडा वाचणें सोडलें.

मराठीनें मंद हसण्याला वेगळें क्रियापद दिलें नाहीं, याची खंत मला आतां वाटत नाहीं. वेगळा शब्द असता तर त्या शब्दाच्या आडोशाला आपण निर्धास्त बसलों असतों. आपण हसलों नाहीं, नुसतें स्मित केलें, असें म्हणून मोकळे झालों असतों. मराठींत ती सोय नाहीं. येथें क्रियापद एकच आहे, आणि त्याचा अर्थ ज्याच्याकडे पाहून हसलों त्याच्या प्रत्ययावर अवलंबून आहे. मी माझ्या समजुतीप्रमाणें त्या मुलाकडे पाहून हसलों होतों. त्याला विचारलें असतें तर त्यानें सांगितलें असतें, ‘सर मला हसले.’ व्याकरण दोघांचेंहि शुद्ध होतें. खरें वाक्य मात्र त्याचें होतें.